दोन अॅक्सल, एक आकडा

गेले चार महिने आमच्या घरात एका आकड्यावरून वाद चालला होता. आकडा होता 5.38. शेवटी त्याचा 4.88 झाला आणि घर शांत झालं. ऐकणाऱ्याला वाटेल, अर्ध्या टक्क्यासाठी भांडणारी ही कसली माणसं! पण तो व्याजाचा दर नव्हता. अब्बांच्या जीपच्या क्राऊन-पिनियनचा तो आकडा होता, आणि गाडी घरात राहणार की भंगारात जाणार, हे त्यावर ठरणार होतं.

गाडी महिंद्रची एमएम 540, जुनी डिझेल, फोर व्हील ड्राइव्ह. इंजिन फ्रेंच पेजो कंपनीच्या परवान्यावर इथे बनवलेलं, 2112 सीसीचं. गिअर चार. अब्बांनी ती जुनीच विकत घेतली होती. बदलापूर गावात, उल्हास नदीच्या कडेला आमचं घर. गवताचे भारे, वीटभट्टीवरचा माल, लग्नाची देगची, पावसाळ्यात अडलेली बाळंतीण, सगळं या गाडीने वाहिलं. अब्बा गेल्यावर गाडी भाईजान आणि माझ्या नावावर राहिली. भाईजान भिवंडीत राहतो, मी गावात.

भाईजानचं म्हणणं साधं होतं. भिवंडीहून गावी यायचं तर हायवेवर ही गाडी साठच्या पुढे गेली की ओरडायला लागते. ट्रकवाले मागून हॉर्न मारतात. गाडीत दोन माणसं एकमेकांशी बोलू शकत नाहीत. "एक तर हिला ऐंशीला आरामात चालण्याजोगी करू, नाहीतर विकून टाकू. अंगणात गंजत ठेवण्यात काय अर्थ आहे?" त्याचं चूक नव्हतं.

ही गाडी ओरडते का, ते आधी सांगते. इंजिनची फिरकी गिअरबॉक्समधून, ट्रान्सफर केसमधून, प्रॉपेलर शाफ्टवरून मागच्या अॅक्सलपर्यंत येते. तिथे एक छोटं दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, तो क्राऊन. आमच्या पिनियनला 8 दाते आणि क्राऊनला 43. त्रेचाळीस भागिले आठ म्हणजे 5.38. शाफ्टचे 5.38 फेरे झाले की चाकाचा एक फेरा. आकडा जेवढा मोठा, तेवढी गाडी हळू आणि तेवढी तिची ओढ जास्त. चौथ्या गिअरला गिअरबॉक्स काही वाढवत नाही, कमीही करत नाही. जेवढं इंजिन फिरतं तेवढाच शाफ्ट फिरतो.

आता हिशेब करा. आमच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर. ताशी 80 किलोमीटरला चाक मिनिटाला 593 वेळा फिरतं. त्याला 5.38ने गुणलं की इंजिन मिनिटाला सुमारे 3190 फेरे मारतं. तेच 4.88 असेल तर 2890. बोलेरोच्या वगैरे अॅक्सलांमधून मिळणारा 3.73 लावला तर 2210. जुन्या डिझेल इंजिनाला 3190 म्हणजे धाप आणि 2210 म्हणजे चालणं. सातवीच्या मुलांना मी हा गुणाकार फळ्यावर करून दाखवला, तेव्हा गणितात कधी हात वर न करणारा एक मुलगा म्हणाला, "टीचर, मग सगळे 3.73च का लावत नाहीत?"

कारण ओढ. 5.38च्या जागी 3.73 आलं की चाकावर पोहोचणारं बळ एकतीस टक्क्यांनी घटतं. इंजिन तेच, गाडीचं वजन तेच, चढ तोच. विलीजची नागरी जीप शेतासाठी, जिथे रस्ता नाही तिथल्यासाठी केलेली होती, म्हणून तिला 5.38 दिलेला होता. शिवाय ट्रान्सफर केसमध्ये 'लो' टाकला की आणखी 2.46ने गुणाकार होतो. म्हणजे गिअरबॉक्स धरायच्या आधीच तेरापट. या तेरापटीला आमच्या गावात लोक ओळखतात, पण वेगळ्या नावाने. ते म्हणतात, "2005ला चाचांची जीप."

26 जुलै 2005. त्या दिवशीच्या पावसाबद्दल मुंबईवाले नेहमी मिठी नदीचं बोलतात. आमच्याकडे उल्हास गावात आली होती. अब्बांनी पंख्याचा पट्टा काढून टाकला, म्हणजे पंखा पाणी इंजिनवर उडवणार नाही. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे ठिणगी भिजून बंद पडण्याचा प्रश्न नाही. हवेच्या नळीतून पाणी आत गेलं नाही की ते चालत राहतं. मग फोर व्हील, लो, पहिला गिअर. अॅक्सिलरेटर स्थिर धरायचा, क्लच दाबायचा नाही, थांबायचं नाही. माणूस चालेल त्याहून हळू गाडी पाण्यातून सरकत होती आणि बॉनेटच्या पुढे एक लाट आपली आपण चालली होती. किती फेऱ्या झाल्या कोणी मोजल्या नाहीत. खालच्या आळीतल्या म्हाताऱ्या, एका घरातली शेळी, गणपतीच्या कारखान्यातल्या कच्च्या मूर्ती, आमच्या मशिदीतले कुराण शरीफ, सगळं त्याच मागच्या फाळक्यातून वर आलं. दोन दिवसांनी अब्बांनी अॅक्सलचा बोल्ट उघडला तर आतलं ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. पाणी शिरलं होतं. त्यांनी ते काढलं, डिझेलने धुतलं, नवीन नव्वद नंबरचं ऑइल भरलं. तोच क्राऊन, तोच पिनियन आजपर्यंत चालला.

27 जुलै 2019ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना एनडीआरएफच्या, नौदलाच्या लोकांनी बाहेर काढलं, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. नदी तीच आहे. ती पुन्हा येणार नाही, असं गावात कोणी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच होतं.

उल्हासनगरच्या एका मिस्त्रीकडे आम्ही दोघं गेलो. गाडीचा आकडा खरंच 5.38 आहे का, हे न उघडता कसं कळतं ते त्याने दाखवलं, आणि ते इथे सांगण्यासारखं आहे. मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवरच ठेवायचं, गाडी न्यूट्रलमध्ये. शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करायची. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्ट किती फिरला ते मोजायचं. एक चाक अडलेलं असल्यामुळे दोन फेऱ्यांना क्राऊनचा एक फेरा होतो. शाफ्ट पाच फेरे फिरून तिसऱ्या हिश्शाहून थोडा पुढे गेला. खडू माझ्या पर्समधला होता. प्रश्न मी विचारत होते आणि मिस्त्री उत्तरं भाईजानकडे बघून देत होता. तिसऱ्या प्रश्नानंतर त्याने माझ्याकडे बघायला सुरुवात केली.

त्याने तीन रस्ते सांगितले. पहिला, पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवायचा. पाचव्याला वेग मिळतो आणि पहिल्याची ओढ राहते. सगळ्यांत चांगला आणि सगळ्यांत महाग. शाफ्टची लांबी बदलते, माउंटिंग बदलतं, लिव्हरची जागा बदलते. दुसरा, 3.73. त्यासाठी आतली बैठकसुद्धा वेगळी लागते, म्हणून बहुतेक लोक कुर्ल्याच्या भंगारातून अख्खा अॅक्सलच आणतात. तिसरा, 4.88. पिनियन 8, क्राऊन 39. वेगात दहा टक्क्यांचा फायदा, ओढीत नऊ टक्क्यांचा तोटा.

"आणि खर्च कमी करायचा तर," तो म्हणाला, "फक्त मागचा करा. पुढचा राहू द्या. फोर व्हील तुम्हाला कितीदा लागतो?"

भाईजान लगेच तयार झाला. खरा वाद तिथून सुरू झाला.

फोर व्हील टाकला की या गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी जखडले जातात. दोघं सारखेच फिरतात. मागे 4.88 आणि पुढे 5.38 असेल तर एकाच फेऱ्यात मागची चाकं जास्त अंतर जाऊ पाहतात, पुढची कमी. जमीन एकच असते. चिखलात चाकं घसरून थोडं निभावतं, कडक रस्त्यावर काहीतरी तुटतं. म्हणजे पुढचा जुनाच ठेवायचा, तर फोर व्हीलची दांडी पुन्हा कधी हलवायची नाही. दांडी राहील, पुढचा अॅक्सल राहील, लोक बघून म्हणतील फोर व्हील आहे. पण पाणी आल्यावर ती एक साधी जुनी गाडी असेल. भाईजान म्हणाला, "चौदा वर्षांत एकदा पूर येतो." मी म्हटलं, "चौदा वर्षांत एकदाच लागते म्हणून नावाड्याने होडीला भोक पाडायचं का?" अम्मीने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं आणि विषय थांबला.

या गाड्यांच्या कंपनीची एक गोष्ट आमच्या घरात नेहमी निघायची, आणि त्या रात्रीही निघाली. 1945 साली ही कंपनी सुरू झाली तेव्हा तिचं नाव महिंद्र अँड मोहम्मद होतं. महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद. धंदा पोलादाचा. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि 1951 ते 1955 गव्हर्नर जनरल. इकडे 1948मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. अक्षरं 'एम अँड एम'च राहिली. जीपवर पुढे जी अक्षरं आली ती अशी. अब्बांना कोणी चहाच्या टपरीवर "तुमच्या लोकांना पाकिस्तान दिलं ना" असं काही बोललं की ते चिडत नसत. बॉनेटवर हात ठेवून म्हणत, "मोहम्मदसाहेब गेले, जीप राहिली. आम्ही जीपवाले." एवढंच. लोक हसत आणि विषय संपे. मला मात्र लहानपणापासून त्या हसण्याचं ओझं वाटत आलं आहे. राहणाऱ्याला राहण्याचं कारण दर वेळी बॉनेटवर हात ठेवून का सांगावं लागतं? पण 2005नंतर अब्बांना तो टोमणा गावात पुन्हा कोणी मारला नाही, हेही खरं. पुरातल्या त्या फेऱ्यांनी जे केलं, ते माझ्या कुठल्याही लेखाने झालं नसतं. म्हणून पुढचा अॅक्सल नुसता शोभेला ठेवायला मी तयार नव्हते.

शेवटी मी वाटणी सुचवली. मागचा अॅक्सल भाईजानचा, पुढचा माझा. दोन्ही 4.88. त्याला ऐंशी आरामात नाही मिळणार, पंच्याहत्तर मिळेल. मला तेरापट नाही मिळणार, बारापट मिळेल. दोघंही थोडे नाराज, म्हणजे हिशेब बरोबर असावा.

काम नऊ दिवस चाललं. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. एकाचा पिनियन दुसऱ्याच्या क्राऊनला लावायचा नाही. मिस्त्रीने नंबर जुळवून दाखवले तेव्हाच आम्ही पैसे दिले. मग पिनियन किती आत बसवायचा त्यासाठी कागदाएवढ्या पातळ पत्र्याच्या शिम, बेअरिंगचा ताण, दात्यांमधली मोकळीक. दाते नीट टेकतात का ते पाहायला त्याने तेलात शेंदूर कालवला आणि क्राऊनच्या चार दात्यांना लावून फिरवला. शेंदूर जिथून पुसला जातो तिथे दाता टेकतो. ठसा दात्याच्या मधोमध यायला हवा. टोकाला आला तर दाता तुटतो, मुळाशी आला तर गाडी गुणगुणते. तीन वेळा सगळं उघडून त्याने शिम बदलल्या. आमच्या वेशीवरच्या मारुतीला लावतात तोच शेंदूर, आणि लावणारा पाच वेळचा नमाजी. त्याला यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. चौथ्यांदा ठसा मधोमध आला.

असं काम करणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. एक, या गाडीचं स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालतं, अॅक्सल बदलल्यावर ते खोटं बोलतं. आता खरा वेग साठ असतो तेव्हा काटा चोपन्नच्या आसपास दाखवतो. काट्यावर विसंबून दंड भरू नका. दोन, पहिले काही दिवस ओझं घालू नका, गाडी तापली की थांबा, आणि पहिलं ऑइल लवकर बदला. त्यात बारीक चुरा येतो. तीन, पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावं लागतं आणि हरित कर भरावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की रजिस्ट्रेशनच्या कागदावरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करू नये. इंजिन, चेसिस, बॉडी यांना हात लावण्याआधी आरटीओत विचारा.

बदलापूरचं नाव कसं पडलं याबद्दल गावात एक गोष्ट सांगतात. सुरतेकडून येणारे-जाणारे इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. इतिहासकार काय म्हणतील ते म्हणोत, मला ती गोष्ट आवडते. घोडा बदलणारा माणूस घोड्यावर रागावलेला नसतो. पुढची वाट लांब आहे, एवढंच त्याला कळलेलं असतं.

जुनी त्रेचाळीस-आठची दोन्ही जोडपी मी ऑइलमध्ये भिजवून, गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवली आहेत. वर मराठीत आणि उर्दूत लिहिलं आहे, कुठली पुढची आणि कुठली मागची. भाईजान म्हणतो भंगारात चांगला भाव येईल. येऊ दे. जून लागला आहे, आणि फोर व्हीलची दांडी मी दर शुक्रवारी एकदा हलवून बघते.