पाडव्याआधीचा शनिवार-रविवार

2 एप्रिल 2024, मंगळवार

टँकर आज आला नाही. शेततळ्यातलं उरलेलं पाणी मोसंबीच्या चौथ्या ओळीपर्यंत पुरलं. पाचव्या ओळीपासून पानं वळून बोटभर झालीत.

रात्री जेवताना हे म्हणाले, "पाडव्याला." एवढंच. भाऊजी ताटाकडे बघत होते. धाकटीचा हात भाकरीवर थांबला. मी सगळ्यांना ताक वाढलं.

3 एप्रिल

ओसरीच्या पलीकडच्या खोलीत मिस्त्रीनं ओटा बांधला. कडप्पा बसवला. आधी तिथं सरकीची पोती असायची. दोन्ही खोल्यांची दारं ओसरीतच उघडतात.

बोअर कुणाकडे, बैल कुणाकडे, हे ठरलं. आत्याबाईंचं ताट कुठं, हे कुणी बोलत नाही.

4 एप्रिल

लेकीचा फोन. "आई, काकूची भांडी जालन्यातून कशाला घेता? इकडं संभाजीनगरला या दोघी. दोन दिवस राहा. मी खोली बघते."

मी म्हटलं, दोघी कशा येणार? मग माझ्याच लक्षात आलं. चौदा वर्षांत आम्ही दोघी जावा एकदम कधी बाहेर पडलो नाही. लग्नाला एक गेली की मयताला दुसरी. एक कायम चुलीपाशी.

आत्याबाईंनी ऐकलं असावं. म्हणाल्या, "जा की दोघी. मी टाकते खिचडी. पोरांना येतं लसूण सोलायला."

5 एप्रिल, शुक्रवार

एकादशी. भगर, शेंगदाण्याची आमटी. पोरांसाठी वेगळा स्वयंपाक.

संध्याकाळी आत्याबाईंनी कनवटीच्या पिशवीतून पाचशेच्या दोन नोटा काढल्या. "दोघींना सारखंच लुगडं घ्या. रंगात सुद्धा फरक नको." मग थोड्या वेळानं, "शनिवारी लोखंड घेऊ नका. सोमवारी अमावास्या. तवा रविवारीच घ्या."

याद्या करत बसले. धाकटीची यादी: कुकर, दोन पातेली, परात, तवा, उलथनं, सांडशी, पोळपाट-लाटणं, डबे सात. माझ्या यादीत काहीच नाही. तरी वहीत माझं नाव लिहून रेघ ओढून ठेवली.

6 एप्रिल, शनिवार

बदनापूरहून साडेसातची एसटी. दोघींना अर्धं तिकीट. धाकटी खिडकीत बसली. अंगावर लग्नाच्या वर्षातली मोरपंखी. डोक्यावर पदर करमाडपर्यंत. पुढं वाऱ्यानं घसरला, तिनं परत घेतला नाही.

रस्त्यात निवडणुकीची तपासणी. गाड्या थांबवून डिक्क्या उघडत होते. लेकीनं सांगितलं होतं, पन्नास हजारांच्या वर रोकड असेल तर कागद लागतात. आमच्याकडे दोघींचे मिळून पंधरा. तरी बस थांबली तसा हात कमरेला गेला.

शेंद्र्याचे कारखाने. चिकलठाणा. धाकटी विचारते, "ताई, इथून पुढं सगळं गावच का?" म्हटलं हो, सगळं गावच.

———

खोली स्टेशनकडच्या रस्त्याला. पांढऱ्या चादरी, एसी. लेकीनं तीन माणसांची सांगितली, पलंग दोनच. न्हाणीघरात फवारा. धाकटीनं सोडून बघितला नि घाईघाईनं बंद केला. पाणी नुसतं वाहत होतं. तिथं बादली होती, दोघींनी बादलीनंच अंघोळ केली. लेक म्हणाली, "इथं पण आठ-आठ दिवस नळ येत नाही आई, हॉटेलवाले टँकर घेतात." म्हणजे बादली बरोबरच होती.

———

कासारी बाजार. गुलमंडीवरून आत. दोन्ही बाजूंना पितळ, तांबं, स्टील. उन्हात डोळे दिपतात. स्टील वजनावर. कान नुसत्या टणत्काराचे झाले.

दुकानदार म्हातारा. पातेलं दाखवायच्या आधी त्यानं विचारलं, "किती माणसांचा स्वयंपाक?"

"दहा," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

त्यानं वरचं मोठं पातेलं काढायला पोरगा चढवला. मी खाली बघत होते. धाकटी म्हणाली, "नाही नाही, चार." आणि मग हळू, "पाच धरा."

पाचाचं पातेलं हातात घेतलं तर खेळण्यातलं वाटतं. त्यात हात घालून बघितला. कोपर बाहेरच. तिनंही घालून बघितला. मग तिनं ते पोटाशी धरून ठेवलं, बाकीची बघताना खाली ठेवलं नाही.

शेवटी नाव घालायचं. घरच्या सगळ्या भांड्यांवर मामंजींचं नाव. माझ्या रुखवताच्या भांड्यांवर माझ्या बापाचं, वर तारीख. दुकानदार मशीन हातात घेऊन, "बोला, नाव?"

धाकटीनं स्वतःचं नाव सांगितलं. त्यानं विचारलं, पुढं? ती म्हणाली, "पुढं काही नाही."

मशीन कर्रर्र वाजत होतं. सात डबे, दोन पातेली, परात, कुकरचं झाकण. प्रत्येकावर तेवढंच नाव. लेकीनं फोटो काढला. मला वाटलं मला वाईट वाटेल. वाटलं नाही. दुसरंच काहीतरी वाटलं, ते अजून कळत नाही.

———

गुलमंडीवर इमरती. गरम, पाकातून काढलेली. धाकटीनं दोन खाल्ल्या. पोरांसाठी पाव किलो बांधून घेतली. ती परत दुकानात गेली, म्हणाली, दोन पुडे करा.

———

रात्री थाळी. पितळी ताट, सात वाट्या. वाढणारी पोरं मागं उभी. वाटी रिकामी व्हायच्या आत भरतात. धाकटी दर वेळी अर्धी उठायची, "द्या, मी घेते." तिसऱ्यांदा लेकीनं तिचा हात धरून खाली बसवलं. "काकू, बस."

मी गरम पोळी खाल्ली. तव्यावरून थेट ताटात आलेली. आमच्या घरात गरम पोळी पहिल्या पंगतीला. आम्ही दोघी शेवटी, टोपलीतल्या तळाच्या. लग्नाला चोवीस वर्षं झाली. चार पोळ्या खाल्ल्या. पाचवी घेतली, ती नुसती तुपाबरोबर.

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, आपण दोघी एका पंगतीला आज बसलो का पहिल्यांदा?" मी म्हटलं, रोज बसतो की आपण. ती म्हणाली, "ती पंगत नसते."

———

शहागंजला रमजानचा बाजार. रात्री अकरा वाजता दिवसासारखी गर्दी. घड्याळाच्या मनोऱ्याखाली शेवयांचे ढीग, खजूर, अत्तर, पोरींचे चमकीचे कपडे. रंगार गल्लीत बांगड्या. काकणवाल्या बाईनं धाकटीचा हात दाबून दाबून हिरवा चुडा भरला. मग माझा. हातांचं माप एकच निघालं, सव्वादोन. बाई म्हणाली, "बहनें हो?" धाकटी पटकन म्हणाली, "हाँ."

मी काही बोलले नाही. बांगड्या नीट केल्या.

———

लेक मधे झोपली. एसीचा आवाज. भांडी पलंगाखाली.

7 एप्रिल, रविवार

पहाटे पाचला जाग. दोघींनाही. करायला काही नाही. पडून राहिलो. तिनं विचारलं, "ताई, वरणाला हिंग फोडणीत टाकता का वरून?" चौदा वर्षं माझ्या शेजारी उभी आहे. मी सांगितलं, फोडणीत, जिऱ्यानंतर. तिनं मान हलवली, पाठ करत असल्यासारखी.

———

प्रोझोन. सरकता जिना. धाकटी आधी चढली, वरून मला हात दिला. थंडगार. एका दुकानात कढई बघितली, किंमत आपल्या सालगड्याच्या महिन्याच्या पगाराचा पाव भाग. ठेवून दिली.

सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. या वर्षी नवा कुणी ठरवला नाही. दहातला एक तो होता.

———

जालना रोडला रसवंती, मोसंबीचा रस चाळीस रुपये ग्लास. मी विचारलं, कुठली मोसंबी? "जालन्याची. एक नंबर." गाडीवाल्यानं अभिमानानं सांगितलं. भौगोलिक मानांकन आहे तिला, हे यांनी शेतकरी मेळाव्यात ऐकून आल्यावर दहा वेळा सांगितलं होतं. एका ग्लासात चार फळं गेली. आमच्या बागेत आंबे बहाराची फळं आत्ता लिंबाएवढी आहेत, आणि गळतायत. 2012-13 ला पहिली बाग अशीच वाळली. सरपणाला घातली. पूर्ण वर्ष चुलीत मोसंबीची लाकडं. धाकटी तेव्हा थोरल्याच्या वेळी पोटुशी होती. तो धूर तिला सोसत नसे. मी एकटी चुलीपाशी बसायचे.

तिलाही ते आठवलं असेल. रस पिताना माझ्याकडे बघत होती. भाऊजींचं म्हणणं, आपल्या हिश्शातली बाग काढून टाकायची. यांचं म्हणणं, टँकरवर जगवायची. दोघंही खोटं बोलत नाहीत. पाणीच एवढं आहे.

———

साड्या टिळक पथला. पाचशेत सारख्या दोन मिळेनात. एका रंगाची एकच शिल्लक. तीन दुकानं फिरलो. चौथ्यात जांभळ्या, काठ डाळिंबी. दोन होत्या. लेक म्हणाली, "आई, वेगवेगळ्या घ्या की, कुणाला कळतंय." आम्ही दोघी म्हणालो, नाही.

पैठण गेटजवळ हिमरूचं दुकान. सूत नि रेशीम एकत्र विणलेलं. उजेडात धरलं की वेलबुट्टी हलते. मालक सांगत होता, तुघलकानं दिल्लीची राजधानी देवगिरीला आणली तेव्हा त्याच्याबरोबर विणकर आले, त्यांची ही कला. आता हातमाग थोडे उरले. हातमागाची शाल आणि यंत्रमागाची शाल शेजारी ठेवून त्यानं हात फिरवायला लावला. हाताला कळतं.

पैठणी पण दाखवली. त्यानं घडी उघडली तसा पदरावरचा मोर बाहेर आला. आम्ही दोघींनी हात मागं बांधून बघितली.

आत्याबाईंना हातमागाची शाल घेतली. अर्धे तिनं दिले, अर्धे मी. कापूस वेचणीचे होते माझे. शाल एकच. मालकानं विचारलं, दोन पिशव्यांत देऊ का सामान? शाल कुठल्या पिशवीत, ते ठरेना. लेकीनं तिच्या सॅकमध्ये ठेवली.

———

तवा. आज रविवार. परत कासारी बाजाराकडे, एका लोहाराच्या दुकानात. धाकटीनं तीन वाजवून बघितले. जाड, खोलगट, मधे थोडा दबलेला हवा. घरचा तसाच आहे. सापडला. मग ती म्हणाली, "दोन द्या."

मी म्हटलं, मला कशाला, आहे की आपला.

"तो आत्याबाईंचा आहे, ताई."

दोन तवे घेतले. माझ्या यादीतल्या रेघेखाली लिहिलं: तवा, एक.

———

संध्याकाळी तिनं हळूच विचारलं, नान-खलिया खायचा का. लेक लगेच उठली. मी माळकरी. आमच्या घरात मटण शिजत नाही. मामंजींनी माळ घातली तेव्हापासून पुरुष मळ्यात तीन दगडांची चूल मांडून खातात. धाकटीच्या माहेरी दर रविवारी.

रोजा सुटल्यावर गर्दी उसळली. मोठ्या देगा. भट्टीतून नान काढून त्यावर पिवळं पाणी फिरवतात, मग ते तांबूस चमकतात. मी बाहेर थांबते म्हटलं. मग तिथं एकटीनं उभं राहणं बरं वाटेना. आत जाऊन तिच्यासमोर बसले. फक्त पाण्याची बाटली घेतली.

तिनं पहिला घास घेतला नि डोळे मिटले. पदराला तेल लागलं, तिला कळलं नाही. बोटं चाटली. हाड उचलून चोखलं. चौदा वर्षं मी तिला असं जेवताना बघितलं नव्हतं. श्रावणात, वारीत, एकादशीला, आमच्या घराला तिनं किती सांभाळलं. ती कधी म्हणाली नाही. मी कधी विचारलं नाही.

मी म्हटलं, "अजून घे." आणि पोराला हाक मारून नान मागवला. वाटीतला रस्सा मी माझ्या हातानं तिच्याकडे सरकवला.

———

साडेआठची बस. भांडी छतावर टाकू दिली नाहीत, पायापाशी घेतली. लेक सिडको स्टँडवर काचेतून हात करत होती. बदनापूर येईपर्यंत धाकटी माझ्या खांद्यावर झोपली. दर खड्ड्याला परात वाजायची.

8 एप्रिल, सोमवार

सोमवती अमावास्या. नवं काही बाहेर काढलं नाही. इमरतीचे दोन्ही पुडे पोरांनी एकत्र बसून संपवले.

शाल दिली. आत्याबाईंनी ती गुडघ्यावर पसरली, उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. "केवढ्याला?" सांगितलं नाही. एप्रिलच्या उन्हात दिवसभर अंगावर.

9 एप्रिल, पाडवा

गुढी एकच. दारात, नेहमीच्या ठिकाणी. तांब्या मामंजींच्या नावाचा. दोन लागतील का, कुणी विचारलं नाही.

धाकटीनं नव्या ओट्यावर दूध उतू घातलं. मी साखर घेऊन गेले. पातेल्यावरचं नाव नव्या भांड्यावर स्पष्ट दिसत होतं. भाऊजी बराच वेळ वाचत होते. बोलले नाहीत. दुपारी ते स्वतः घागर घेऊन पाणी भरायला गेले.

पुरणपोळ्या दोन्हीकडे. दोघींनी जांभळ्या साड्या नेसल्या. पोरं ओसरीत एका रांगेत बसली, कुणी कुठून वाढतंय त्यांना काय.

आत्याबाईंनी आपलं ताट धुऊन ओसरीत आणलं. दोन्ही दारांच्या मधे भिंतीला पाठ लावून बसल्या. शाल अंगावर. मी पोळी घेऊन निघाले. उंबऱ्यात आले तर समोरून धाकटी. तिच्याही हातात पोळी. आत्याबाईंनी दोन्ही घेतल्या.

10 एप्रिल

नऊ भाकऱ्या उरल्या. म्हशीला घातल्या.

टँकर आला. आधी पिण्याचं भरलं, मग बागेला.

11 एप्रिल, गुरुवार

लेकीचा फोन. आज तिकडं ईद. शेजारणीनं शीरखुर्मा दिला म्हणे.

पलीकडून हाक, "ताई, हिंग आधी का जिरं?" मी सांगितलं.

आज पीठ बरोबर झालं.