कौतुक आणि काटा

नेपाळहून परतल्यापासून तिथल्या बाया मनात घोळताहेत. काठमांडूच्या गर्दीतून बॅटरीवरचा सफा टेम्पो सराईतपणे हाकणाऱ्या. पाठीवरच्या डोको टोपलीचा पट्टा कपाळावर घेऊन पहाड चढणाऱ्या. १९९३ साली एव्हरेस्ट गाठणारी पहिली नेपाळी स्त्री, पासांग ल्हामू शेर्पा, त्यांच्यातलीच. फोटो किती काढले, हिशेब नाही.

इथं सावरगावात, जाम नदीपलीकडे पांढुर्णा आणि अलीकडे आमची शेतं, कापूस वेचणी सुरू आहे. कमरेला ओटी बांधून बाया तासातासानं पुढं सरकतात. बोंडाची वाळकी टोकं बोटं ओरबाडतात, तरी कापसात पातीकचरा येऊ देत नाहीत. कचऱ्यानं भाव पडतो. दुपारी धुऱ्यावर भाकर, संध्याकाळी वजनकाटा. मजुरी किलोवर. घरी गेलं की चूल आहेच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीनं, म्हणजे दोन काठांवरच्या दगडफेकीनं, गावाचं नाव दूरवर गेलं, पण ती मर्दुमकी गड्यांची. या बायांचा फोटो मीही कधी काढला नव्हता.

परक्या मुलखात कौतुक फुकटात होतं. घरी मात्र वेचणाऱ्या बायांनी किलोमागं दोन रुपये वाढवून मागितले की आम्हीच कुरकुरतो. कौतुक खरं किती, ते काट्यावरच कळतं.