मालाआधी कागद

नांदेडच्या मोंढ्यात हळकुंड मोडून आतला रंग पाहिला, की पारखी माणूस दर बोलतो. परदेशी जाणारी हळद मात्र आधी कागदावर पारखली जाते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल (जहाज कंपनीची माल मिळाल्याची पावती) आणि माल कुठला याचा दाखला, हे चार कागद बहुतेक सगळे मागतात. खरी ओढाताण सुरू होते ती पाचव्यापासून, कारण तो प्रत्येक देशाचा निराळा.

*

बांगलादेशाला आयातदाराचे नाव, पत्ता आणि टीआयएन नंबर किमान 2 टक्के पोत्यांवर, न पुसणाऱ्या शाईत छापलेला लागतो. म्हणजे पोती छापायला टाकण्याआधीच ढाक्याच्या व्यापाऱ्याचा करक्रमांक हातात पाहिजे. हमालांनी ट्रक भरल्यावर हे आठवले, तर ट्रक रिकामा करण्यावाचून गत्यंतर नाही.

इजिप्तचे वेगळेच. ऑक्टोबर 2021 पासून समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाला 19 अंकी ‘ॲसिड’ नंबर लागतो. तो तिथल्या आयातदाराने काढायचा आणि आपण माल जहाजावर चढण्याआधी इन्व्हॉइस-बीएलवर घालायचा. नसेल तर माल परत.

ब्राझीलला बीएलवर आयातदाराचा सीएनपीजे हा करक्रमांक हवा, इंडोनेशियाला एनपीडब्ल्यूपी. अमेरिकेला कंटेनर जहाजावर चढण्याच्या 24 तास आधी माहिती पोचलेली हवी.

*

फायटो, म्हणजे पिकाच्या आरोग्याचा दाखला, नीट वाचावा. हळदीचे शास्त्रीय नाव (करक्युमा लाँगा), पोत्यांची संख्या, वजन, बंदर. खाली धुरीचा चौकोन: तारीख, औषध, मात्रा, किती वेळ, किती तापमानाला. हा नमुना जगभर जवळपास सारखाच आहे, कारण तो आंतरराष्ट्रीय करारातून आला. फरक पडतो ‘अतिरिक्त घोषणा’ या एका रकान्यात. तिथे काय लिहायचे ते घेणारा देश ठरवतो: अमुक कीड नाही, अमुक भाग रोगमुक्त आहे. तो रकाना कोरा राहिला किंवा एखादे वाक्य कमी पडले, की चांगला मालसुद्धा बंदरात अडकतो. नवख्या निर्यातदाराने दर ठरवण्याआधी समोरच्याकडून या रकान्याचा मजकूर लेखी मागून घ्यावा, असे मी आवर्जून सांगतो.

लाकडी पॅलेट असेल तर त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आहे का, तेही पाहावे. लाकूड तापवून किंवा धुरी देऊन निर्जंतुक केल्याची ती खूण.

*

एलसीवर, म्हणजे बँकेच्या पतपत्रावर, व्यवहार असेल तर बँक माल पाहत नाही, कागद पाहते. यूसीपी 600 या नियमावलीप्रमाणे तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस, आणि एलसीत वेगळे काही नसेल तर माल चढल्यापासून 21 दिवसांत कागद दाखल झाले पाहिजेत. मालाचे वर्णन इन्व्हॉइसवर एलसीप्रमाणेच हवे. एलसीत ‘पॉलिश केलेली हळद’ आणि इन्व्हॉइसवर नुसती ‘हळद’ असेल, तर पैसे अडायला तेवढे पुरते.

*

सीमेवरची अशी अडवणूक लातूरला अगदीच नवी नाही. निजामी राज्यात करोडगिरी खाते जकात वसूल करी. 1802 मध्ये इंग्रजांशी झालेल्या करारात ती शेकडा पाच ठरली होती. लातूर निजामात, बार्शी इंग्रजी मुलखात. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली तरी मधली हद्द तशीच राहिली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सीमेवरचे करोडगिरी नाके जाळले गेले, यात नवल नाही.

*

नियम फक्त परकेच करतात असे मात्र नाही. 2003 च्या वनस्पती-संगरोध आदेशाप्रमाणे भारत आयात डाळींवर मिथाइल ब्रोमाइडची धुरी मागत आला. हेच औषध ओझोनला मारक म्हणून माँट्रियल कराराने आवळले. कॅनडा म्हणे, आमच्या थंडीत ते चालतच नाही. मग वर्षानुवर्षे सवलतीच्या मुदतवाढी. मोझांबिकच्या तुरीला तिथल्या अधिकाऱ्यांचा उगमाचा दाखला लागतो. तो ग्राह्य धरला की लातूरच्या डाळ मिलला तूर मिळते आणि आडतीतल्या शेतकऱ्याचा दर हलतो.

ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात असताना केंद्राने 12 लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली. पेंड म्हणजे जिवंत बी नव्हे, एवढ्या आधारावर नियम सैल झाला. नव्या मालाच्या तोंडावर भाव खाली आले. लातूरच्या शेतकऱ्याला तो निर्णय अजून बोचतो, आणि बोचायलाच हवा.

*

आता युरोपीय संघाचा जंगलतोडीविरुद्धचा नवा कायदा येतो आहे. त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, पण तो टळलेला नाही. सोयाबीन आणि त्याची पेंड 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरची नाही हे दाखवायचे, आणि शेताचे अक्षांश-रेखांश द्यायचे. चार हेक्टरपर्यंतच्या शेताला एक बिंदू चालतो. आपली बहुतेक शेते त्यात बसतात. पण सातबाऱ्यावर गट नंबर असतो, अक्षांश-रेखांश नसतात. औसा, चाकूर, अहमदपूरच्या शेतकरी कंपन्यांनी मोबाइलवर हे बिंदू घेऊन सभासदाच्या नावापुढे आत्ताच लिहून ठेवावेत. पेंड गाडीत भरल्यावर ती कोणत्या बांधावरून आली, हे कुणालाच सांगता येणार नाही.