दोन बादल्या पाणी

माणसाने आयुष्यात निदान एकदा तरी स्वतःची गाडी स्वतःच्या हाताने धुवावी, असे माझे गेल्या वर्षापासून ठाम मत झाले आहे. पूर्वी ते तसे नव्हते. गाडी ही सकाळी आपोआप स्वच्छ होणारी वस्तू आहे, अशीच माझी समजूत होती. आपण उठतो, चहा घेतो, वर्तमानपत्र चाळतो आणि खाली उतरतो, तो गाडी पुसलेली असते! सूर्य कसा उगवतो याची जशी आपण रोज चौकशी करीत नाही, तशीच याचीही कधी केली नाही.

आमची गाडी म्हणजे काही मोठी दौलत नव्हे. गडद निळ्या रंगाची मारुती ८००. शाळेत गणित शिकविणाऱ्या मास्तराला झेपेल तेवढी. २००७ च्या जून महिन्यात ती घेतली, तेव्हा पेढे वाटले होते. ही गाडी बनविणे कंपनीने २०१४ च्या जानेवारीत थांबविले. आमची मात्र अजून थांबायला तयार नाही. २०२२ साली तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे भरली. नेमक्या त्याच वर्षीच्या एप्रिलपासून फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५००० रुपयांवर गेली. आमची पाळी जूनमध्ये! दोन-तीन महिन्यांनी हुकलेले ते ४४०० रुपये आमच्या हिच्या अजून लक्षात आहेत. तेव्हापासून जमाखर्चाच्या वहीत गाडीचे पान उघडले की तिच्या कपाळावर आठी चढते.

गेल्या वर्षी श्रावणात हिच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. भाद्रपदात गाडीची बॅटरी गेली. निवृत्तिवेतन बिचारे एकच. ते श्रावणात संपले म्हणून भाद्रपदात नवे थोडेच येणार? तेव्हा एके रात्री वही पुढे घेऊन मी काटछाटीला बसलो आणि माझी नजर एका ओळीवर थबकली : ‘गाडी पुसणे, ४०० रुपये.’ चारशे गुणिले बारा, चार हजार आठशे. गणिताच्या मास्तराचे हेच वाईट असते. एकदा गुणाकार झाला की त्याला धीर धरवत नाही.

आमच्या सोसायटीतल्या गाड्या तात्या पुसतात. साठीच्या घरातले, कृश, फारसे न बोलणारे गृहस्थ. पहाटे पाचाला सायकलवरून येतात आणि आठाच्या आत अठरा गाड्या पुसून दुसऱ्या कामाला जातात. एक तारखेला मी त्यांना म्हटले, “तात्या, या महिन्यापासून आमची गाडी मीच पुसत जाईन.”

“बरं, मास्तर,” तात्या म्हणाले.

एवढेच. मी तीन-चार कारणे तयार ठेवली होती. ती तशीच परत घेऊन जिना चढलो.

खंडेनवमीच्या सकाळी मी गाडी धुवायला उतरलो. कोरड्या फडक्याने धूळ झटकणार, तोच वरून गॅलरीतून हिचा आवाज आला, “अहो, खरकट्या ताटावर आधीच काथ्या फिरवाल का? विसळा की आधी!” चाळीस वर्षे भांड्यांकडे पाहणाऱ्या माणसाचे शास्त्र ते! आणि ते खरेही होते. रस्त्यावरच्या धुळीत बारीक वाळू असते. कोरड्या फडक्याखाली तो वाळूचा कण सापडला की फडके राहत नाही, त्याचा पॉलिशकागद होतो. पाणी ओतून आधी धूळ खाली वाहू द्यावी, मगच हात लावावा.

शेजारच्या इमारतीत एक गृहस्थ नळीने गाडी धूत होते. नळी जमिनीवर सोडून ते फोनवर बोलत होते आणि पाणी फाटकाबाहेर चालले होते. मला ते बघवत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. पुण्यात पाणीच पाणी झाले आणि ते ओसरल्यावर प्यायला पाणी नाही, अशी ती विचित्र अवस्था होती. हंडा घेऊन रांगेत उभी असलेली आई मला अजून दिसते. तेव्हापासून वाहता नळ दिसला की माझा हात आपोआप तो बंद करायला जातो.

तेव्हा नळी नको, बादल्याच बऱ्या. हिच्याच सल्ल्याने मी बादल्या तीन घेतल्या. एक आधी विसळायला, दुसरी साबणाची, तिसरी फडके पिळून काढायची. भांड्यांच्या साबणाला तिने हात लावू दिला नाही. तो तुपाचा ओशटपणा काढतो, म्हणजे गाडीवरचे मेणही काढणार. त्याऐवजी डोक्याला लावायच्या शाम्पूच्या दोन पुड्या दिल्या. फडके म्हणून तिचे जुने सुती लुगडे, शंभर वेळा धुतल्याने सायीसारखे मऊ झालेले. वरून खाली यायचे. आधी टप, मग काचा, मग दारे, चाके शेवटी आणि चाकांचे फडके वेगळे, कारण सगळी वाळू चाकांपाशीच. प्रत्येक भाग पुसला की फडके तिसऱ्या बादलीत पिळायचे आणि मगच पुन्हा साबणात घालायचे. पक्ष्यांनी केलेली नक्षी खरवडायची नाही. ओले फडके तिच्यावर पाच मिनिटे ठेवले की ती आपण होऊन सुटते. झाडावरून पडलेल्या चिकट थेंबांना बोटभर खोबरेल तेल. आतल्या कुबट वासासाठी गादीवर खायचा सोडा भुरभुरून तासाभराने तो ब्रशने झाडून काढला. पुढच्या जाळीतली माती जुन्या दातघाशीने आणि काचा कालच्या वर्तमानपत्राने.

आमच्याकडे वापरायचे पाणी बोअरचे. ते अंगावर वाळले की पांढरे डाग राहतात. म्हणून सावलीतच सारे आटोपून लगेच कोरडे टिपून घ्यावे लागते. त्या टिपण्याने माझी कंबर अशी धरली की, बाळंतविड्यासारखा एखादा गाडीविडाही असायला हवा होता, असे वाटू लागले. एकूण खर्च अठरा रुपये. धुलाईकेंद्रावर त्याच कामाचे सातशे मागितले होते. मी मनाशी वजाबाकी केली आणि कंबर थोडी हलकी झाली.

अकराच्या सुमारास ऊन फिरून गाडीवर आले. मी कौतुकाने पाहत होतो आणि पाहता पाहता माझा चेहरा उतरला. त्या निळ्या रंगावर, सबंध टपावर आणि दारांवर, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल गोल रेघा चमकत होत्या. शेकडो! धूळ होती तोवर त्या झाकल्या होत्या. आता उन्हात एक एक रेघ वाचता येत होती.

या कोणी काढल्या, हे सांगायला ज्योतिषी नको होता. घाणेरड्या फडक्याने, घाणेरड्या पाण्याने वर्षानुवर्षे गोल गोल हात फिरवून तात्यांनी आमच्या गाडीची ही दशा केली होती. आणि त्याचे आपण महिन्याला चारशे रुपये मोजत होतो! तात्यांना काढल्याची जी बारीकशी टोचणी आठ दिवस मनात होती, ती एका क्षणात नाहीशी झाली. खरे सांगायचे तर मला आनंदच झाला. आपल्या हातून झालेल्या गोष्टीला मागाहून का होईना, सबळ कारण सापडले की माणसाला किती बरे वाटते!

दुसऱ्या दिवशी दसरा. तात्यांना या रेघा दाखवायच्याच, असे ठरवून मी पहाटे साडेसहाला खाली उतरलो. तात्या अकराव्या की बाराव्या गाडीपाशी होते. शेजारची बादली मी प्रथमच नीट पाहिली. तिच्यातले पाणी चहासारखे झाले होते. त्यात फडके बुडवून, पिळून ते पुन्हा दारावर फिरवीत होते.

“तात्या, अहो, हे पाणी का बदलत नाही?” मी जरा चढ्या आवाजातच विचारले.

“दोनच बादल्या हायेत न्हवं, मास्तर? बोर्डावर लिवलंय,” ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. मी विचारले म्हणून त्यांनी सांगितले.

मी जिन्याखालच्या फळ्याकडे गेलो. काचेच्या आत, पिवळ्या पडलेल्या कागदावर लिहिले होते : ‘पाणीटंचाईमुळे गाडी पुसणाऱ्याने रोज दोन बादल्यांहून अधिक पाणी घेऊ नये.’ खाली ‘सचिव’ आणि त्याखाली माझी सही. अक्षरही माझेच, वळणदार, शाळेच्या फळ्यावर शोभावे असे.

२०१६ चा तो उन्हाळा. पुण्यात दिवसाआड पाणी येत होते, तेव्हा मी सोसायटीचा सचिव होतो. पुढे पाऊस झाला, धरणे भरली, पाणी रोज येऊ लागले. घराघरांतले नळ पूर्वीसारखे वाहू लागले. तो कागद मात्र तिथेच राहिला. काढायचे कोणाला सुचले नाही आणि काढा म्हणून ज्याने म्हणायचे, तो बोलणारा नव्हता.

पंधरा लिटरची बादली. दोन बादल्या म्हणजे तीस लिटर. गाड्या अठरा. एका गाडीच्या वाट्याला पावणेदोन लिटरही येत नाही. आणि आदल्या दिवशी मी, पाण्याची एवढी काळजी वाहणारा मी, एका गाडीला तीन बादल्या घेतल्या होत्या! अठरा गाड्यांसाठी तात्यांना दिले, त्याच्या दीडपट पाणी माझ्या एकट्याच्या गाडीला. हे गणित इतकी वर्षे माझ्या समोर, माझ्याच अक्षरात टांगलेले होते, आणि मी रोज त्याच्यावरून जिना उतरत होतो.

परत आलो तेव्हा तात्या सायकलच्या पिशवीतून झेंडूच्या छोट्या माळा काढून एकेका गाडीच्या जाळीला बांधीत होते. दर दसऱ्याला त्या माळा असतात. सोसायटीच्या खर्चाने आणतात, असा माझा समज होता. ते माझ्या गाडीपाशी आले आणि तिलाही एक माळ बांधू लागले.

“तात्या, आमची गाडी आता तुमच्याकडे नाही.”

“गाडी न्हाई, मास्तर, पर दसरा हाय की,” ते म्हणाले आणि गाठ घट्ट करून पुढे गेले.

रेघांचा विषय मी काढला नाही.

त्यानंतर सोसायटीच्या दोन बैठका झाल्या. तो कागद मी स्वतः काढला आणि नवे गणित मांडले : रोज अठरा गाड्यांवर मळके फडके फिरवण्याऐवजी दिवसाला तीनच गाड्या, पण नीट धुवायच्या, सहा दिवसांत अठरा पुऱ्या होतात. पाणी बोअरचे, नऊ बादल्या. प्रत्येक घराने मऊ सुती फडकी द्यायची. पैसे तेच. काही जणांना रोज पुसलेली गाडी हवी होती. त्यांना मी उन्हात नेऊन माझ्या गाडीवरच्या रेघा दाखविल्या, आणि मग त्यांच्या गाडीवरच्या. तात्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, “म्या कवाच सांगितलं असतं, पर इचारलं कुनी?”

आमच्या वहीतले चारशे रुपये परत आले. पण हिने ते गाडीच्या पानावर लिहिले नाहीत. दूध आणि भाजीच्या शेजारी लिहिले. तिथली आकडेमोड ती कधी कमी करीत नाही. बदल्यात माझ्या दोन वर्तमानपत्रांपैकी एक बंद झाले. “काचा पुसायला एक पुरतं,” असे तिचे म्हणणे पडले. रेघा घालविण्यासाठी पॉलिश करून घ्यावे, तर त्याचे काही हजार होतात. तेव्हा त्या आहेत तशा आहेत. उन्हात उभी केली की दिसतात. अक्षर ओळखीचे आहे, म्हणून मी फार वेळ पाहत नाही.

पाडव्याच्या दिवशी तात्या पोस्त घ्यायला आले. हिने त्यांना आग्रहाने बसवून फराळाचे ताट पुढे ठेवले. मी हळूच खाली उतरलो. त्यांची सायकल फाटकाशी उभी होती; रोज इतक्या गाड्या लखलखीत करणाऱ्या माणसाची, पण हँडलपासून चाकापर्यंत चिखलाने माखलेली. शाम्पूची एक पुडी उरली होती. तीन बादल्या भरल्या, आधी विसळली, मग धुतली, वरून खाली, अगदी शास्त्राप्रमाणे. मोठ्या समाधानाने टिपत होतो, तोच तात्या खाली आले. क्षणभर नुसतेच पाहत राहिले. मग खाली वाकून त्यांनी चेनवरून बोट फिरवले आणि ते माझ्यापुढे धरले.

“मास्तर, चेनला पानी लागलं की ती गंजती. आता त्याल आना.”

मी तेल आणायला जिना चढलो.