डावा-उजवा

दादाची गाडी एक-दशांश मापाची, रेडिओ कंट्रोलवर धावणारी बग्गी. बेळगावात कॅम्पातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलाची निम्मी जागा तिचीच. "तू कविता वाच, ह्याला हात लावू नको," हे मी कायम ऐकत आलेय. म्हणून मागचा डावा सस्पेन्शन आर्म तुटला आणि दादा स्वतःहून म्हणाला, "नवीन आर्म तू बसव की," तेव्हा मला आभाळ ठेंगणं वाटलं.

आर्म म्हणजे चाक धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा हात. शॉकचं खालचं टोक अडकवायला ह्या गाडीत त्यावर दोन भोकं आहेत. चाकाकडच्या, बाहेरच्या भोकात लावलं की ती बाजू कडक होते, आतल्या भोकात मऊ. उजवीकडं आतलं भोक होतं. मी डावीकडं बाहेरचं वापरलं.

रविवारी मिस्सेनंतर मैदानावर गाडी डावीकडं शहाण्यासारखी वळायची, उजवीकडं मात्र मागून घसरून गर्रकन फिरायची. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकांवर येतो आणि मागची तीच बाजू ताठलेली. दादानं टायर बदलले, शॉकमधलं सिलिकॉन तेल बदललं. सपाट काचेवर गाडी ठेवली तर मागची डावी बाजू वर दिसली, म्हणून स्प्रिंगची रिंग फिरवली. उंची सारखी झाली, खोड आतच राहिली.

माझी चूक मला त्याच संध्याकाळी दिसली होती. दादानं माझं काम तपासलंच नव्हतं, तेच जास्त लागत होतं. तरी दोन रविवार मी गप्प बसले. तिसऱ्या रविवारी तो पगारातनं नवे शॉक मागवायला निघाला.

"दादा, शॉक चांगले आहेत. भोक चुकलंय. माझ्याकडनं."

त्यानं ॲलन की माझ्या हातात दिली. मी शॉक सोडवला. त्यानं आर्म बोटानं उचलून सोडला. तो आपल्याच वजनानं अलगद खाली पडला.

"हे बरोबर केलंयस. पिन आवळली असती तर मधेच अडकला असता." मग म्हणाला, "सांगायला दोन आठवडे का ग लागले?"

"वाटलं, परत हात लावू देणार नाहीस."

त्यानं सेटअपची वही पुढं सरकवली. "एका वेळी एकच बदल करायचा आणि लिहायचा. डावा, उजवा, दोन्ही."

मी लिहिलं : मागचा डावा, आतलं भोक. मागचा उजवा, आतलं भोक.

"आधीची चूकपण लिहू?"

"लिही की. तेल का बदललं होतं, ते उद्या मलाच आठवायचं नाही."