गोळी, दोन तास आणि कपाटभर उजेड

सकाळी नऊला नाश्त्याबरोबर गोळी, कारण रिकाम्या पोटी मळमळतं. मग बरोबर दोन तासांनी कपाटात उभं राहायचं. मंगळवार आणि शुक्रवार, सात महिने हा माझा नेम होता.

कपाट म्हणजे फोटोथेरपीचं यंत्र. माणूस उभा मावेल एवढं, आत चहूबाजूंनी उभ्या नळ्या. दार लागलं की पंखा घरघरतो, नळ्या निळ्या-जांभळ्या पेटतात आणि अंगाला ऊब लागते. डोळ्यांवर गडद चष्मा, चेहऱ्यावर सुती फडकं. बाहेरून सिस्टर सांगायच्या, "ताई, हात वर घ्या. आता वळा." काखेत, छातीखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला उजेड सहजी पोचत नाही आणि जिथे पोचत नाही तिथला डाग हलत नाही. म्हणून मी पहिल्या दोन आठवड्यांतच लाज बाजूला ठेवली.

मला मायकोसिस फंगॉइडिस होता. नाव बुरशीचं, पण रोग त्वचेतल्या टी पेशींचा. लिम्फोमा, म्हणजे कॅन्सरच. १८०६ साली अलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी एका रोग्याच्या अंगावर अळंबीसारख्या गाठी पाहिल्या, त्यावरून हे नाव पडलं. मला गाठी नव्हत्या. कमरेवर आणि मांड्यांवर तांबूस, किंचित कोंडा धरणारे चट्टे होते. सहा वर्षं त्यांना कुणी गजकर्ण म्हटलं, कुणी इसब. मलम लावलं की चट्टा फिका पडायचा आणि तो फिका पडला की आम्ही सगळे निर्धास्त व्हायचो. पहिल्या बायोप्सीत काही निघालं नाही, दुसरीत निघालं. त्या सहा वर्षांचा राग मला आजही येतो.

आमच्याकडे रेडिएशनला सर्रास 'लाइट देणं' म्हणतात. त्यामुळे नणंदेला वाटलं, आता केस जाणार. माझा लाइट वेगळा होता. गोळीतलं मेथॉक्सॅलेन रक्तातून त्वचेत पोचतं आणि पेशींच्या डीएनएत जाऊन बसतं. तोवर काहीच घडत नाही. त्यावर अल्ट्राव्हायोलेट-ए किरण पडले की ते डीएनएला घट्ट चिकटतं आणि रोगट पेशीला पुढे वाढता येत नाही. हे किरण त्वचेत फार खोल जात नाहीत, म्हणून रोग वरवर असतानाच याचा खरा उपयोग. या कॅन्सरवर ही पद्धत १९७६ पासून वापरात आहे.

डॉक्टरांकडून हे ऐकताना मला माझ्या आजीची बहीण आठवली. तिला कोड होतं. वैद्यांच्या सांगण्यावरून ती बावचीचं बी उगाळून डागांवर लावायची आणि अंगणात उन्हाला बसायची. कधी कधी फोड यायचे, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची. डॉक्टरांना सांगितलं तर ते खुर्चीत पुढे सरकले. बावचीत सोरालेन असतं, माझी गोळी त्याच कुळातली, म्हणाले. फरक मोजमापाचा. मावशीआजीच्या उन्हाला माप नव्हतं. माझ्या प्रत्येक वेळेचा डोस सिस्टर वहीत लिहीत, कारण हाच उजेड वर्षानुवर्षं फार झाला तर त्वचेचा दुसरा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो.

निम्मा उपचार कपाटाबाहेर होता. गोळी घेतल्यापासून चोवीस तास गडद चष्मा, घरातसुद्धा, कारण हे किरण खिडकीच्या काचेतून आत येतात. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्या आणि स्कार्फ. भाजीवाली विचारायची, "डोळे आलेत का वहिनी?" मी हो म्हणायचे.

चौथ्या महिन्यात कमरेचा चट्टा बोटाला लागेना. सातव्या महिन्यात पुन्हा बायोप्सी झाली आणि ती स्वच्छ आली. डॉक्टर 'बरा झाला' म्हणत नाहीत, 'सध्या दिसत नाही' म्हणतात. मला तेवढंही खूप आहे.

उपचार चालू असताना रथसप्तमी शनिवारी आली, गोळीच्या दुसऱ्या दिवशी. सासूबाईंनी पाटावर रक्तचंदनाने सूर्याचा रथ काढला, तुळशीपाशी गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध ठेवलं. मी चष्मा लावून दाराच्या आत उभी होते. दूध पूर्वेला उतू गेलं. सासूबाई हातातली पळी तशीच धरून आत आल्या आणि म्हणाल्या, "नमस्कार इथूनच कर." मी केला. घड्याळात साडेआठ झाले होते. चष्मा काढायला अजून अर्धा तास होता.