लग्नचौकातल्या खुणा

डहाणू-तलासरीच्या वारली घरांत लग्नाला चौक लागतो, म्हणजे भिंतीवर पांढऱ्या रेघांनी लिहिलेलं चौकोनी चित्र. त्या चौकाभोवतीचं जे विरळ होत चाललं आहे, त्याची ही नोंद.

कूड. कारवीच्या काठ्यांची, शेणमातीनं लिंपलेली भिंत. तिच्यावर गेरू फिरवला की चौकाची जागा तयार. सिमेंटच्या घरकुलात लिंपण नाही.

काडी. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, तांदळाच्या पिठात बुडवायची. आता ब्रश आणि डबीतला पांढरा रंग.

सवासिनी. चौक लिहायचा मान यांचा.

धवलेरी. लग्न लावणारी बाई. तिची गाणी तोंडपाठ असतात, वहीत नसतात. एखादी धवलेरी मागे कुणी शिकलेलं न ठेवता गेली, तर तिच्यासोबत तिची गाणीही जातात.

पालघट. चौकाच्या मधोमध बसणारी देवी; रान, पीक आणि कूस यांची. ती आल्याशिवाय लग्न लागत नाही. पिशव्यांवर आणि कुडत्यांवर तारपा या वाद्याभोवतीचा नाच सर्रास दिसतो, पालघट क्वचितच.

पंचशिऱ्या. शेजारच्या लहान देवचौकातला घोडेस्वार. त्याला शिर नाही, धडातून पाच कोंब फुटलेले.

फणी, शिडी, सूर्य, चंद्र. पालघटीच्या भोवतीच्या खुणा. घानातल्या आकान लोकांतही शिडी आहे, पण ती मरणाची. प्रत्येकाला चढावी लागणारी. वारल्यांनी ती लग्नात ठेवली.

याच आकानांकडे सोन्याची पूड तोलायला पितळी वजनं होती. मान मागे वळवलेला पक्षी, एकाच पोटाच्या दोन मगरी. अशा कित्येक आकारांमागे एकेक म्हण. नाणी रुळली, पूड तोलणं थांबलं आणि वजनं संग्रहालयांच्या कपाटांत गेली. आकार राहिले, व्यवहार गेला. भिंतीवरून कागदावर गेलेल्या चौकाचंही तसंच होऊ शकतं.

कागद. हा वाढतोच आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकात वारली चित्र कागदावर आणलं आणि जगभर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन. कित्येक घरांची चूल त्यावर पेटली, याचा आनंदच आहे. पण कागद विकत घेणाऱ्याच्या घरी लग्न नसतं, आणि चौक लग्नासाठीच असतो.

शाळांत चित्रकलेच्या तासाला मुलं वारली त्रिकोण गिरवतात. त्या तासाला गावातल्या एखाद्या सवासिनीला मानानं बोलवावं. चौक कुणासाठी लिहितात, कोणती खूण कशासाठी, हे मुलांनी तिच्याच तोंडून ऐकावं.